बारीक तीन

४ मार्च

मेहुणे,

तुम्हाला नमस्कार लिहावा की आशीर्वाद, हे माझ्या धाकट्या बहिणीशी तुमचं लग्न झाल्यापासून माझं ठरलेलं नाही. दोन्ही समजा.

सोबत माझ्या बीजगणिताच्या पुस्तकाचं हस्तलिखित आहे. शाळेच्या मंडळाने ते छापायचं ठरवलं आणि काम तुमच्याच छापखान्याकडे दिलं, यात माझा हात नाही. अक्षरांचे खिळे तुम्हीच जुळवणार असं तुमच्या मालकांनी कळवलं, यात तर मुळीच नाही. ही एकच प्रत आहे. शिसपेन्सिलीत आहे, कारण शाईने लिहिलं की चूक कायमची होते.

स्पष्ट लिहितो. तुम्ही माझ्या वर्गात दोन वर्षं होतात आणि दोन्ही वर्षं गणितात नापास झालात. तेव्हा समजून घेऊन जुळवायच्या भानगडीत पडू नका. दिसेल तसं जुळवा. विशेषतः चौथा धडा, अपूर्णांकी घातांकांचा. त्यात संख्येच्या डोक्यावर जो बारीक अपूर्णांक बसतो, तो शोभेसाठी नसतो.

मला एकोणसाठ पूर्ण झाली. आमच्या बाबांचं डोकं साठाव्या वर्षी गेलं, हे तुमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. गेल्या महिन्यात मी एका पायात काळा आणि एका पायात तपकिरी बूट घालून शाळेत गेलो. मुलं हसली नाहीत, याचं मला जास्त वाईट वाटलं. हे पुस्तक म्हणजे माझं डोकं अजून जागेवर असल्याचा माझ्यापुरता दाखला आहे. त्यात एकही चूक चालणार नाही.

बहिणीला खुशाली सांगा. बुटांचं सांगू नका.

मास्तर


११ मार्च

मास्तर,

नमस्कार मला पोचला, आशीर्वाद हिने ठेवून घेतला. बुटांचं सांगितलं नाही, पण पत्र तिनेच आधी उघडलं होतं.

कामाला लागलोय. शेवटची उत्तरांची पानं जुळवून छापूनही झाली. त्यात साधे अंक जास्त, म्हणून ती आधी घेतली. मालकांनी स्वतः एकेक अंक ताडून पाहिला.

चौथ्या धड्यात मात्र अडलोय. डोक्यावरच्या अंकांसाठी अगदी बारीक खिळे लागतात. आमच्याकडे बारीक एक, दोन, चार, सहा भरपूर आहेत. बारीक तीन एकोणीसच. काही झिजले, काही माझ्या आधीच्या माणसाने कुठे घातले देव जाणे. तुमच्या उदाहरणसंग्रहात बारीक तीन त्र्याऐंशी वेळा आलाय. दोनदा मोजलं. मशीनवर आठ पानं एकदम चढतात, त्यामुळे एका पानाचे खिळे काढून दुसऱ्याला लावता येत नाहीत. नवे खिळे ओतून यायला दोन महिने लागतात, आणि मशीन मेच्या मध्यापासून दुसऱ्या कामाला दिलंय.

घनमुळांची उदाहरणं थोडी कमी करता येतील का? तुम्ही म्हणाल ती काढतो.

तुमचा, छापखान्यातून


१५ मार्च

मेहुणे,

तीन हा अंक मी शोधलेला नाही. एकतीस वर्षांत गृहपाठ न करण्याची नाना कारणं ऐकली. 'तीन संपले' हे पहिल्यांदाच ऐकलं.

एकही उदाहरण कमी होणार नाही. उत्तरं छापून झाली असं तुम्हीच म्हणता. एक उदाहरण काढलं की खालची सगळी उदाहरणं एकेक घर वर सरकतील आणि मुलं अकराव्याला दहाव्याचं उत्तर लिहितील. त्यातली काही तशीही लिहितात, पण निदान त्यांच्या जबाबदारीवर.

तुमचं काय ते तुम्ही बघा. तिनाबद्दल मला पुन्हा लिहू नका.

मास्तर


२४ मार्च

मास्तर,

तिनाबद्दल लिहीत नाही. दुसरंच विचारतो, अगदी सहज.

सत्तावीसच्या डोक्यावर दोन तृतीयांश आहे आणि मागे उत्तर नऊ छापलंय. ते नऊ कसे आले? मी सत्तावीसचा वर्ग करायला घेतला, सातशे एकोणतीस आले. मग त्याचं घनमूळ शोधता शोधता जेवणाची सुट्टी संपली. डबा तसाच घरी नेला. ही म्हणाली, बरं नाही का?

आणि एक्याऐंशीच्या डोक्यावर अर्धा ठेवला, तरी नऊच येतात का? हेही सहजच.

तुमचा, छापखान्यातून


२७ मार्च

मेहुणे,

तुमचं पत्र बसून वाचलं, मग उभं राहून वाचलं. तुम्ही आपण होऊन गणितातलं काही विचाराल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

नीट ऐका. डोक्यावरच्या अपूर्णांकात खालचा अंक मूळ सांगतो आणि वरचा घात. आधी मूळ काढावं, म्हणजे संख्या लहान होते आणि अंगावर येत नाही. मग घात करावा. सत्तावीसचं घनमूळ तीन, तिनाचा वर्ग नऊ. तुम्ही आधी वर्ग केलात. उत्तर तेच येतं, पण वाटेत डबा राहून जातो.

एक्याऐंशीच्या डोक्यावर अर्धा म्हणजे वर्गमूळ. नऊ. बरोबर आहे.

हे तुम्ही चोवीस वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं.

मास्तर


५ एप्रिल

मास्तर,

विचारलं होतं. तुम्ही खाली बस म्हणालात.

'खाली मूळ, वर घात' हे मी खिळ्यांच्या पेटीवर खडूने लिहून ठेवलं. मालकांना वाटलं कुठलं तरी काम आलंय, त्यांनी वहीत नोंद करायला घेतली होती.

अजून एकच शंका. दोन षष्ठांश आणि एक तृतीयांश हे एकच ना? म्हणजे नुसते एकच आहेत ते मला माहीत आहे, भाकरीचे तुकडे करता येतात मला. पण डोक्यावर ठेवले तरी एकच राहतात का?

तुमचा, छापखान्यातून


८ एप्रिल

मेहुणे,

खाली बस म्हणालो असेन. वर्गात एकोणपन्नास मुलं होती.

एकच राहतात. अपूर्णांक जमिनीवर असो की डोक्यावर, दोन षष्ठांश म्हणजे एक तृतीयांश. कायम. निःशंक राहा.

प्रुफं कधी पाठवता?

मास्तर


१७ एप्रिल

मास्तर,

निःशंक आहे. चौथ्या धड्याची प्रुफं सोबत आहेत. सगळा धडा बसला, एकही खिळा कमी पडला नाही.

आधी उदाहरणसंग्रह बघा. घाई नाही. पण बघितलात की लगेच कळवा.

तुमचा, छापखान्यातून


२१ एप्रिल

मेहुणे,

प्रुफं पाहिली. जुळणी स्वच्छ आहे.

उदाहरण अकरा. 'क्ष'च्या डोक्यावर अर्धा, गुणिले 'क्ष'च्या डोक्यावर दोन षष्ठांश. हे हस्तलिखितात असंच आहे का? असेल तर हस्तलिखित परत पाठवा. नसेल तरी पाठवा.

मास्तर


२५ एप्रिल

मास्तर,

हस्तलिखित पाठवतोय. बघितल्यावर रागवाल. रागवा, माझं काही म्हणणं नाही. पण उदाहरणं कशी आहेत, तेही दोन ओळी लिहा. अकरावं वाईट आहे का? मला त्यातलं काय कळणार, म्हणून विचारतो. चांगलं असेल तर तसंही लिहायला हरकत नाही.

तुमचा, छापखान्यातून


३० एप्रिल

मेहुणे,

हे पत्र एकट्याने वाचा.

अकरावं उदाहरण वाईट नाही. उत्तम आहे. डोक्यावर दोन षष्ठांश असं कोणी लिहीत नाही, म्हणून मला आधी राग आला. मग लक्षात आलं, की अर्ध्यात एक तृतीयांश मिळवताना मुलं नेमकी जिथे अडखळतात, तिथे हे उदाहरण त्यांना हळूच हात देतं. सहाचा छेद समोरच असतो. अर्ध्याचे तीन षष्ठांश केले, की झाले पाच षष्ठांश. एकतीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. मी स्वतःवर खूश झालो आणि चहा करून प्यायलो. चहा संपल्यावर लक्षात आलं, की हे मला सुचल्याचं मला आठवत नाही.

मग सगळी बेचाळीस उदाहरणं पुन्हा पाहिली. त्यातली सव्वीस मला ओळखीची वाटली नाहीत. म्हणून हस्तलिखित मागवलं. प्रुफात आहे तेच त्यात आहे, माझ्याच अक्षरात. पाय मोडल्यासारखा तो चार माझाच. जागोजाग खोडरबर चालवल्याच्या खुणा आहेत. म्हणजे मी एक उदाहरण लिहिलं, खोडलं, त्या जागी दुसरं लिहिलं, असं सव्वीस वेळा केलं, आणि यातलं मला काहीच आठवत नाही. तुम्ही 'रागवाल' असं का लिहिलं होतं ते कळलं नाही. तुम्ही काही केलेलं नाही.

तुमच्या छापखान्यात कोणी बदल केले असतील का, हाही विचार केला. मालकांना सहीपलीकडे लिहायचा कंटाळा आहे. राहता राहिलात तुम्ही. राग मानू नका, पण तुमचे पेपर मी तपासलेले आहेत. ती शक्यता सोडून दिली.

आता उदाहरण एकोणतीस पाहा. उणे आठच्या डोक्यावर दोन षष्ठांश, उत्तर उणे दोन. साफ चूक आहे. उणे आठचं घनमूळ उणे दोन, हे खरं. पण दोन षष्ठांश लिहिलं, की एखादा मुलगा आधी वर्ग करणार. उणे आठचा वर्ग चौसष्ट, चौसष्टचं सहावं मूळ दोन. अधिक दोन. उणे चिन्ह वाटेत पुसलं गेलं. खाली ऋण संख्या असेल तर डोक्यावरच्या एक तृतीयांशाचे दोन षष्ठांश करायचे नसतात, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून देतो. आणि तीच चूक माझ्या पुस्तकात, माझ्या हातची.

बाबांचं असंच सुरू झालं होतं. तेही मास्तर होते, तुम्हाला माहीत आहे. आधी छोट्या चुका झाल्या. मग एकदा भर दुपारी त्यांनी आपल्याच दाराची कडी वाजवली आणि मी दार उघडल्यावर विचारलं, "मास्तर आहेत का घरात?" मी म्हणालो, बाहेर गेलेत. ते म्हणाले, "मग थांबतो," आणि पायरीवर बसले.

मला भीती वाटते. हे वाक्य मी तीनदा खोडलं, म्हणून इथे कागदाला भोक पडलं आहे.

पुस्तक थांबवा. नऊ मे रोजी, सोमवारी, मी शाळेत राजीनामा देणार आहे. निवृत्तीला आठ महिने आहेत, पण तेवढ्या वेळात मी किती मुलांना काय काय चुकीचं शिकवीन, सांगता येत नाही. बहिणीला कळवू नका.

मास्तर


२ मे

मास्तर,

पत्र एकट्याने वाचलं. मग हिला वाचून दाखवलं. ती रडली. मग डोळे पुसून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही काय करून ठेवलंय?" लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तिला माझं तोंड वाचता येतं.

राजीनामा देऊ नका. ती उदाहरणं मी बदलली. सव्वीसच्या सव्वीस.

तिनाबद्दल लिहू नका म्हणालात, तुमचं तुम्ही बघा म्हणालात. मी बघितलं. उत्तरं छापून झाली होती, ती हलवता येत नव्हती. म्हणून उत्तर हातात धरून मागे मागे गेलो. उत्तर नऊ आहे, तर डोक्यावर तीन न येता नऊ कुठून येतील? पहिल्या उदाहरणाला चार दिवस लागले. दहाव्याला एक जेवणाची सुट्टी. विसाव्यापुढे मी जेवायलाही लागलो. सगळं तुमच्या पत्रांतूनच शिकलो. खोटं कशाला बोलू, मजा आली.

अक्षराचं सांगतो. कागदावर नाही ते जुळवायचं नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. मी तो बावीस वर्षांत मोडलेला नाही. म्हणून आधी तुमच्या कागदावर खोडून तुमच्या अक्षरात लिहिलं, मग कागदाप्रमाणे जुळवलं. रोज लोकांची अक्षरं वाचून हात आपोआप तसा वळतो. आणि तुमचा चार तर मी फळ्यावर दोन वर्षं बघितलाय. मला वाटलं, हस्तलिखित बघितलं की खाडाखोड तुमच्या लगेच लक्षात येईल आणि तुम्ही माझी खरडपट्टी काढाल. तुम्ही स्वतःचीच काढलीत.

एकोणतिसाव्याची चूक माझी. फक्त एवढंच, की दोन षष्ठांश आणि एक तृतीयांश कायम एकच, निःशंक राहा, असं तुमचं आठ एप्रिलचं पत्र माझ्याकडे आहे. मी निःशंक राहिलो.

आधी का नाही सांगितलं? तुम्ही एकदा 'चांगलं आहे' म्हणालात की मग सांगायचं, असा बेत होता. 'उत्तम आहे' ही ओळ मी दोनदा वाचली. पुढचं वाचलं आणि मान खाली गेली. माझी हौस तुमच्या जिवाशी आली. चुकलो मी, मास्तर.

तुमचा, छापखान्यातून


४ मे

मेहुणे,

तुमचं पत्र वाचून डोळे भरून आले. बायकोच्या भावाला धीर यावा म्हणून माणूस चार पानं खोटं लिहितो, त्यात जेवणाची सुट्टी आणि माझा चारही घालतो, हे थोडं नाही. माझ्या बहिणीने माणूस चांगला निवडला.

पण मला पटत नाही. उत्तरावरून उलटं उदाहरण तयार करणं ही मास्तरांनाही चटकन जमणारी गोष्ट नाही. आणि आठ एप्रिलच्या पत्रात मी 'कायम' असं लिहिलं असेल, तर त्यातून माझ्याच डोक्याचं काय ते सिद्ध होतं.

तरी बहिणीखातर एक करतो. सोबत बंद पाकीट आहे. ते तिच्यासमोरच उघडायचं. वेळ एक तास. पर्यवेक्षक ती. आत तीन उत्तरं दिली आहेत, प्रत्येकासाठी एक उदाहरण तयार करायचं. डोक्यावरच्या घातांकात तीन हा अंक कुठेही चालणार नाही. तिन्ही जमली, तर ती सव्वीसही तुमचीच हे मी मान्य करीन आणि राजीनामा देणार नाही. नाही जमली, तर मला वाईट वाटणार नाही. तुमच्या पेपरांची मला सवय आहे.

उत्तरपत्रिका सोमवारच्या आत यायला हवी.

मास्तर


६ मे

मास्तर, पेपर सोडवला तो असा.

प्रश्न पहिला. उत्तर आठ हवं. चौसष्टच्या डोक्यावर अर्धा. चौसष्टचं वर्गमूळ आठ.

प्रश्न दुसरा. उत्तर 'क्ष'च्या डोक्यावर सात बारांश हवं. 'क्ष'च्या डोक्यावर एक चतुर्थांश, गुणिले 'क्ष'च्या डोक्यावर दोन षष्ठांश. पाया तोच असला की गुणाकारात डोक्यावरचे मिळवायचे. बाराचा छेद केला, तीन आणि चार मिळून सात. इथे 'क्ष' धन आहे असं धरलंय. या वेळी धरलंय.

प्रश्न तिसरा. उत्तर उणे दोन हवं. यात बराच वेळ गेला. दोन, चार, सहा ही सम मंडळी इथे उपयोगाची नाहीत. उणे संख्येचा सम घात केला की उणे पुसलं जातं, आणि उणे संख्येचं सम मूळ निघतच नाही. ते चिन्ह विषमातच टिकतं. तीन तुम्ही नको म्हणालात. म्हणून पाच घेतला. उणे दोन पाच वेळा गुणले, उणे बत्तीस आले. म्हणून उणे बत्तीसच्या डोक्यावर एक पंचमांश. बत्तीसातला तीन मोठा आहे, डोक्यावरचा नाही, तो चालावा. मोठे तीन आमच्याकडे पोतंभर आहेत आणि बारीक पाच चौदा आहेत.

संपला पेपर.

दादा, मी समोरच बसले होते. त्यांनी कुठेही बघितलं नाही. मध्ये एकदा पाणी मागितलं, मी दिलं नाही, चालतं की नाही ते माहीत नव्हतं. घामाने सदरा भिजला. तुझ्या पेपरला ते पुन्हा बसले, आणि या वेळी नापास झाले असते तर डोकं तुझं गेलं असतं, हे जरा ध्यानात घे. टपालावर माझा भरवसा नाही. हा कागद घेऊन मी उद्या सकाळच्या बसने स्वतः येतेय. तू दार उघड आणि मला ओळख, म्हणजे झालं.


८ मे

बाळा,

लग्नापासून तुला 'तुम्ही' म्हणायची सवय लावून घेतली होती. आज पेपर तपासायचा आहे, तेव्हा 'तू' म्हणतो.

बहीण काल दुपारी आली. मी तिला ओळखलं. तिने मला आधी पाणी मागितलं, मग कागद दिला.

पहिलं बरोबर. दुसरं बरोबर. 'क्ष' धन आहे हे तू न विचारता लिहिलंस, त्याचा अर्धा गुण वरचा द्यावा असं फार वाटलं, पण तशी पद्धत नाही.

तिसरं मी मुद्दाम घातलं होतं. तीन न वापरता उणे दोन आणता येत नाही असं मी धरून चाललो होतो. 'जमत नाही' असं लिहून तू कारण दिलं असतंस, तरी पूर्ण गुण देणार होतो. माझ्या कागदावर तेच उत्तर लिहिलेलं आहे, बहिणीने पाहिलं. आणि तू उणे बत्तीस लिहिलेस. मी बोटं मोजून पाच वेळा गुणाकार केला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो. पाच मला सुचलाच नव्हता. एकतीस वर्षांत कधीही सुचला नसता. म्हणजे माझं डोकं गेलेलं नाही. ते पहिल्यापासून एवढंच होतं. हे कळल्यावर मला इतकं हलकं वाटलं, की मी मोठ्याने हसलो आणि बहीण घाबरली.

राजीनामा फाडला. एकोणतिसाव्या उदाहरणाच्या जागी तुझं उणे बत्तीसचं घाल, उत्तर तेच आहे. बाकीची पंचवीस तशीच राहू देत. पुस्तकाच्या पहिल्या पानावर माझ्या नावाखाली 'उदाहरणसंग्रह' असं लिहून तुझं नाव घालायचं आहे. मालकांना तसं वेगळं पत्र लिहिलं आहे, तू टाळशील म्हणून.

आता एक कबुली. माझं डोकं फिरलं हे मला दहा दिवसांत पटलं. तुला गणित येतं, हे तू स्वतः लिहून कळवलंस तरी पटलं नाही. असं का झालं याचा मी काल रात्रभर विचार केला. दुसऱ्या वर्षीचा तुझा पेपर सहा पानांचा होता. मी पहिली दोन पानं तपासली, त्यात चुका होत्या. पुढच्या पानांवरही असणार असं मी धरलं आणि वर आकडा लिहून टाकला. पुढची चार पानं मी वाचलीच नाहीत. तू शाळा सोडून छापखान्यात गेलास ते त्या आकड्यामुळे. हे मी बुटांच्या रंगासारखं विसरलो नव्हतो. मला ते सगळी वर्षं आठवत होतं.

मला माफ कर.

मास्तर


१२ मे

मास्तर,

पाकीट हिच्याबरोबर मिळालं. एकोणतिसावं बदललं, प्रूफ सोबत आहे. चौथा धडा आज मशीनवर चढला. माझं नाव जुळवायला घेतलं तर हात अडला. बावीस वर्षांत गावभरची नावं जुळवली, आपलं कधी जुळवलं नव्हतं. जुळवलं शेवटी. मालक म्हणाले, जरा तिरकं आलंय. पुन्हा केलं.

माफीबिफीचं काही मनात आणू नका. छापखान्यात माझं बरं चाललंय.

फक्त एक विचारायचं होतं. शाळेत जुने पेपर ठेवतात का? ठेवत नसणारच. पण कुठे माळ्यावर वगैरे असलाच, तर ती चार पानं एकदा तपासून मिळतील का? पास-नापासचं आता काही नाही. पाचव्या पानावरचं एक उदाहरण मला बरोबर आलं होतं, असं मला अजून वाटतं.

तुमचा, छापखान्यातून